केसपेपरवर भाषेचाही रकाना असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आलं होतं. ते सीमाभागात एका लग्नाला आले होते. इथली माणसं बोलता बोलता मराठीतून कानडीत आणि कानडीतून हिंदीत जातात, कुठलीच भाषा धड येत नसल्यामुळे ही पाळी येते आणि शाळांनी हे वेळीच मोडून काढलं पाहिजे, असा त्यांचा सूर होता. लग्नाच्या पाहुणचारात एवढा निष्कर्ष काढणं हे धाडसच म्हणायचं. मी मिरजेच्या दवाखान्यांत परिचारिका म्हणून उभी हयात काढली. दोन-तीन भाषा एका दमात बोलणारी माणसं मी रोज पाहिली, तीही दुखणाईत, घाबरलेली, खिशातल्या पैशांचा हिशेब मनात चाललेली. भाषा कशी बदलते हे बघायचं असेल तर मांडवापेक्षा ओपीडीचा बाक बरा.

मिरजेची ओपीडी म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. सकाळी बेळगावकडची गाडी आली की घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार, शेडबाळची माणसं स्टेशनवरून थेट दवाखान्याच्या दारात. अथणी-जमखंडीची बसने. आणि ही सगळी काही ‘पलीकडची’ नव्हेत. आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात कितीतरी गावांत घरची भाषा कानडी आहे, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या रेघा ओढल्या गेल्या. सोयरिकी, बाजार आणि दुखणी यांनी त्या रेघा कधी फारशा मनावर घेतल्या नाहीत.

एक प्रसंग सांगते. अथणीकडचं कुटुंब होतं. म्हातारीला शुगर, पायाला जखम. सोबत मुलगा, सून आणि त्यांना घेऊन आलेला वडापवाला, म्हणजे भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर. सुनेचं माहेर कवठेमहांकाळकडचं, म्हणजे ती मूळची मराठी. खिडकीशी आल्या आल्या ती मला म्हणाली, “सिस्टर, जखम भरंनाच झालीया बघा.” लगेच मान वळवून सासूला, “अत्ती, काल तोरसरी.” म्हणजे पाय दाखवा. तेवढ्यात वडापवाला हळूच सटकतोय हे तिला दिसलं. त्याला हाक मारून, “भैया, गाडी उदरीच रखो, जाव नक्को.” तीन माणसं, तीन भाषा, आणि मध्ये श्वास घ्यायलाही ती थांबली नव्हती. आमच्याकडच्या मुसलमान घरांतली दखनी आहे ना, तिने तो ‘नक्को’ आणि ‘उदरीच’मधला ‘च’ मराठीकडूनच घेतलेला आहे. तेव्हा तिथे कोण कुणाची भाषा बोलत होतं हे सांगणंसुद्धा सोपं नाही.

मुलगा शिकलेला होता. आईची माहिती तो डॉक्टरांना कानडीत देत होता, कारण डॉक्टर स्वतः विजापूरकडचे. “मोन्नी शुगर दोनशे ऐंशी इत्तरी,” असं तो म्हणाला. वाक्य कानडी, आकडा मराठी. पुण्याचे पत्रलेखक म्हणतील, बघा, याला कानडीत आकडे येत नाहीत. पण औषधांच्या दुकानाबाहेर हाच माणूस नोटा मोजत होता, तेव्हा ओठांत “ऐवत्तु, नूरु, नूरा ऐवत्तु” चाललं होतं. रिपोर्ट त्याला सांगलीच्या लॅबमध्ये मराठीत वाचून दाखवला होता, म्हणून तो आकडा त्याच्याकडे मराठीतच राहिला. स्वतःचे पैसे मात्र तो लहानपणापासून ज्या भाषेत मोजत आला त्याच भाषेत मोजत होता. यात न येण्याचा प्रश्न येतो कुठे?

पैशांचा विषय निघालाच आहे तर सांगते. ऑपरेशनचा खर्च सांगितला की नातेवाईक बाजूला सरत नाहीत, फक्त भाषा बदलतात. माझ्यासमोर उभं राहून, मला कळत नाही अशा समजुतीने, कुणाचं काय गहाण टाकायचं, कोणत्या भावाला फोन करायचा, डॉक्टर भाव कमी करतील का, हे सगळं कानडीत चालायचं. मी रजिस्टरमध्ये तोंड घालून बसायचे. आणि आम्ही तरी काय वेगळं करायचो? पेशंटसमोर कॅन्सर शब्द उच्चारायचा नाही म्हणून डॉक्टर ‘सीए’ म्हणायचे आणि पुढचं इंग्रजीत. पेशंटला इंग्रजी यायचं नाही, पण भाषा बदलली हे त्याला नेमकं कळायचं. मराठीत चाललेलं बोलणं एकदम इंग्रजीत गेलं की काहीतरी वाईट आहे हे ओळखणारे अडाणी म्हातारे मी पाहिलेत. “बाई, सायब विंग्रजीत का बोललं?” या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे नर्सिंगच्या कुठल्याच पुस्तकात नसतं.

आता प्रसूती विभाग. मी तिथे पुष्कळ काळ होते आणि माझ्या मते भाषेबद्दल सगळ्यात जास्त तिथेच शिकायला मिळतं. आमच्या जुन्या मेट्रन म्हणायच्या, कळा वाढल्या की बाई माहेरच्या भाषेत जाते. बहुतेक वेळा हे खरं असायचं. पहिल्या कळांना माझ्याशी व्यवस्थित मराठी बोलणारी कुडचीची मुलगी शेवटी शेवटी “यव्वा, यव्वा” करू लागायची, आणि दर्ग्याजवळच्या मोहल्ल्यातली “अम्मी”. पण नेहमीच नाही. मालगावची, सगळं माहेर मराठी असलेली एक बाई रायबागकडे दिली होती. तिला सासूच बाळंतपणाला घेऊन आली होती. ती पूर्ण वेळ कानडीत ओरडत होती. ओरडताना सासूचा हात धरला होता, आणि त्या घरात ती कैक वर्षं कानडीतच हसली-रडली होती. बाळ झालं, मी ते पुसून तिच्याजवळ दिलं, तेव्हा ती बाळाशी पहिलं बोलली ते मराठीत. सासू तिथेच होती. तिने नातवाशी कानडी सुरू केलं. तो पोरगा आज दोन्ही बोलत असणार, आणि कुणाशी काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलं नसणार. आमच्या भागात तीन वर्षांचं पोर आजीकडे वळलं की कानडी, शेजारच्या काकूंकडे वळलं की मराठी बोलतं. एकदा ठरलं की शक्यतो चुकत नाही. उलट काकू मुद्दाम कानडीत बोलल्या तर ते पोर बावचळतं.

आणि हे मिसळणं वाटेल तसंही नसतं. वॉर्डात इंग्रजी शब्दांशिवाय पान हलत नाही, पण ते शब्द कसे वापरले जातात बघा. सकाळी पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना आम्ही म्हणणार, “सात नंबरला ब्लड चढवलंय, आठ नंबर एनबीएम ठेवलाय, नऊचा डिस्चार्ज आहे.” एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. शब्द इंग्रजी, पण ‘ला’, ‘चा’, ‘ठेवलाय’ हे सगळं मराठी. उलटं, म्हणजे इंग्रजी वाक्याला मराठी शेपटं, असं कुणी बोलत नाही. आणि हाच ‘ॲडमिट’ तिन्ही घरांत फिरतो. मराठी बाई म्हणते, “ॲडमिट केलंय.” कानडी म्हातारा म्हणतो, “ॲडमिट माड्यार.” मोहल्ल्यातली खाला म्हणते, “ॲडमिट करे.” तिघांनीही आपापल्या क्रियापदाला तो बिनचूक जोडला. तिघांपैकी दोघांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

माझ्या पुतणीने भाषाशास्त्रात एम.ए. केलं. वॉर्डातल्या या गोष्टी तिला सांगितल्या तर ती म्हणाली, “आत्या, तुझं कुपवाड तर जगभरच्या वर्गांत शिकवतात.” माझं सासर कुपवाडचं, आणि आम्हाला हे ठाऊकच नाही! आता कुपवाड म्हणजे एमआयडीसी आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतलं एक नाव. पण साठच्या दशकात ते तीनेक हजार वस्तीचं गाव होतं आणि जॉन गम्पर्झ नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर तिथल्या बोलण्याचा अभ्यास केला. तो १९७१ मध्ये छापून आला. गावात जैन शेतकऱ्यांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलित वस्तीत मराठी, थोड्या घरांत तेलुगू. पिढ्यान् पिढ्या लोक एका भाषेतून दुसरीत जात-येत राहिले आणि त्यातून वाक्यांची मोडणीच एक होत गेली. त्यांनी दिलेलं उदाहरण मला आमच्याच स्वयंपाकघरातलं वाटलं. मराठी घरात म्हणणार, “पाला जरा कापून घेऊन आलो.” उर्दू घरात, “पाला जरा काट के ले के आया.” शब्दाला शब्द ठेवून बघा, जागा तसूभर हलत नाही. कानडी वाक्याचाही क्रम तोच. कानडीत माणसं सोडून बाकी सगळं नपुंसकलिंगी असतं, तर कुपवाडची मराठीही त्याच वाटेने गेल्याचं त्यांनी नोंदवलं आहे. सासूबाईंच्या तोंडी ते ऐकून माहेरी आम्ही हसायचो, म्हणजे मी नवीन लग्न झालेली असताना.

मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त विचार करण्यासारखी वाटते. व्याकरण इतकं जवळ आलं तरी भाषा एक झाल्या नाहीत. शब्द वेगळेच राहिले. घरात ज्याची त्याची भाषा, चावडीवर, बाजारात बहुतेक मराठी. म्हणजे जैन घरातला माणूस दाराबाहेर आला की मराठी बोलणार आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच कानडी. सगळं एकच करून टाकणं सोपं होतं, पण कुणाला ते करायचं नव्हतं. कारण कोणती भाषा बोलतो यावरून आपण कोणाचे, हे कळत होतं. सरमिसळीने भाषा बुडतात म्हणणाऱ्यांनी एकदा कुपवाडची ही गोष्ट वाचावी.

पुतणीनेच दुसरा एक अभ्यास समजावून सांगितला. न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिको बेटावरून आलेल्या लोकांचा, शाना पॉपलॅक यांचा, १९८० सालचा. ते लोक स्पॅनिश आणि इंग्रजी मिसळून बोलतात, आणि त्यांनाही हेच ऐकावं लागायचं की यांना काहीच धड येत नाही. बाईंनी त्यांचं बोलणं टेपवर घेऊन तपासलं. ज्यांची एक भाषा कच्ची, ते बहुतेक वाक्य संपल्यावर किंवा ‘बरं का’, ‘कळलं का’ असल्या तुकड्यांपुरती भाषा बदलत होते. जे ऐन वाक्यात इकडून तिकडे जात होते, त्यांच्या दोन्ही भाषा पक्क्या होत्या. आणि ते जात होते तेही जिथे दोन्ही भाषांच्या वाक्यांचा क्रम जुळतो अशाच ठिकाणी. न्यूयॉर्कची गोष्ट मिरजेला जशीच्या तशी लागू पडते असं मी म्हणत नाही. पण मराठी-कानडीत क्रियापद शेवटी येतं, ‘मध्ये’, ‘वर’ ही शब्दयोगी नामाच्या मागून येतात. दोन्हीकडचे रुळ एकाच मापाचे, म्हणून गाडी कुठेही बदलता येते. इंग्रजीचं माप वेगळं. म्हणून आपण तिच्यातले सुटे शब्द उचलून आपल्या वाक्यात बसवतो. त्या अथणीच्या सुनेला यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिचा रूळ एकदाही चुकला नाही.

पुण्याच्या पत्रलेखकांचं एक म्हणणं मात्र मी झटकून टाकत नाही. टीव्हीवर बातम्या सांगणारी मंडळी प्रत्येक वाक्यात तीन इंग्रजी शब्द घालतात, ते ऐकून माझंही डोकं उठतं. माझी नात पुण्यातच इंग्रजी शाळेत आहे. आमच्याकडे आली की मराठीत सुरुवात करते आणि अर्ध्यावर इंग्रजीत जाते, कारण पुढचं मराठी तिच्याकडे नाही. कानडी तर तिच्या वाट्याला आलंच नाही. हे आणि ते एक नव्हे. ओळखायची खूण साधी आहे: तीच गोष्ट सबंध एका भाषेत सांगायला सांगा. अथणीची सून सासूला सगळं कानडीत सांगेल, मला सगळं मराठीत सांगेल. नातीला ते जमत नाही. तिची काळजी जरूर करा, तिच्याशी मराठीत गप्पा मारणारं माणूस तिला मिळू द्या. पण तिच्या आजाराचं औषध सीमाभागातल्या धडधाकट माणसांना पाजू नका. शाळांनी हे मोडून काढावं म्हणता, तर आमच्याकडे असं मोडून काढायचा प्रयोग झालेला आहे. शाळेत नव्हे, दवाखान्यात.

मी एका खासगी रुग्णालयात होते. नवीन व्यवस्थापन आलं आणि ड्यूटी रूममध्ये सूचना लागली की कामाच्या वेळेत मराठी किंवा इंग्रजीतच बोलावं, ‘मिश्र भाषा’ टाळावी. रुग्णालयाची प्रतिमा वगैरे. आमच्यातल्या केरळच्या सिस्टर्स आपसात मल्याळममध्ये बोलायच्या, त्यांच्यावर मुख्य रोख होता, पण फटका सगळ्यांनाच बसला. जतकडचे एक शेतकरी आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल होते. नवीन सिस्टरने रात्री त्यांना मराठीत सांगितलं, आता सकाळपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आजोबा “हं, हं” म्हणाले. ती पुन्हा बोलली, ते पुन्हा “हं” म्हणाले. शिकल्यासवरल्या माणसाला उलट विचारायचं नसतं अशा वळणाचा तो माणूस. शेजारच्या बेडची चादर बदलणाऱ्या मावशी जतच्याच होत्या. आजोबांना काही कळलेलं नाही हे त्यांना दिसत होतं, पण त्यांनी त्याच दिवशी सकाळी सूचनेवरून बोलणी खाल्ली होती, म्हणून त्या गप्प राहिल्या. पहाटे आजोबांनी कॅन्टीनच्या पोऱ्याकडून चहा-बटर मागवून खाल्लं. भूलतज्ज्ञांनी ऑपरेशन पुढे ढकललं. आजोबांचा मुलगा रजा काढून आला होता, त्याची रजा गेली. बेडचं एका दिवसाचं भाडं वर पडलं. नंतर आमच्या कोट्टायमच्या सिस्टरनेच त्यांना कानडीत समजावलं, सूचना भिंतीवर असतानाच. तिने कानडी इथे येऊन, पेशंटकडूनच उचललं होतं.

ती सूचना पुढे कुणी काढली नाही, पण तिच्यावर एक कॅलेंडर आलं.

म्हणून माझं मागणं भाषाशुद्धीचं नाही आणि भाषावादाचं तर मुळीच नाही. केसपेपरवर नाव, वय, गाव, रक्तगट असे रकाने असतात. त्यांतच एक रकाना भाषेचा करावा: ‘घरी काय बोलता?’ आणि त्याखाली ‘आणखी काय कळतं?’ आमच्याकडे दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याइतकंच महत्त्व आहे. जतच्या त्या आजोबांच्या केसपेपरवर एवढं असतं तरी रात्रपाळीच्या सिस्टरने मावशींना हाक मारली असती. याला पैसा लागत नाही, पुढच्या छपाईत एक ओळ वाढवायची. सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी यावर विचार करावा. अक्कलकोटकडेही परिस्थिती वेगळी नाही. ऑपरेशनपूर्वी उपाशी राहणं, इन्सुलिन कधी घ्यायचं, टाके कधी काढायला यायचं, अशा चार-पाच सूचना डिस्चार्ज कार्डावर मराठीखाली कानडीतही छापाव्यात. आणि तोंडी सांगताना सिस्टरला, मावशीला, वॉर्डबॉयला जी भाषा समोरच्याला कळते ती बोलू द्यावी, अर्ध्या वाक्यात बदलावी लागली तरी.

या सूचनांचा मजकूर सोप्या बोलीत तयार करून द्यायला मी तयार आहे. अडचण एकच. आमच्या बाजूच्या बहुतेकांसारखं मलाही कानडी बोलता येतं, लिहिता-वाचता येत नाही. मी सांगेन, कुणीतरी लिहून घ्यायला हवं, आणि ते धारवाडच्या पुस्तकी कानडीत नको, रायबागच्या म्हातारीला कळेल असं हवं. जत तालुक्यातल्या कन्नड शाळेतले एखादे गुरुजी किंवा बाई तयार असतील तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. दुपारी तीननंतर मी मोकळी असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज